डब्याला कान नसतात

अण्णा, भिंतीवर आई बोलायला लागली आणि माझ्या हातातली दुधाची वाटी पडली. शालू मांडीवर होती, सगळं दूध तिच्या झबल्यावर, ती रडायला लागली आणि मी तिला उचलायचं सोडून पमाक्काकडे बघत बसले. कारण पमाक्काचे ओठ हलत होते. भिंतीवर आई जे बोलत होती तेच पमाक्का बोलत होती. आवाज नाही, नुसते ओठ, पोथी वाचताना म्हातारी माणसं हलवतात तसे.

तुला जाऊन एकवीस दिवस झाले होते. दुपारची वेळ, मामंजींनी खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता, आणि तुझा मुनिस्वामी, तुझ्याबरोबर फोटोच्या दुकानात काम करणारा, दुकानातलं फिल्म दाखवायचं मशीन सायकलला बांधून घेऊन आला होता. त्याला वाटलं तो पुण्य करतोय. "अण्णाने काढलेली आई घरच्यांनी बघायला पाहिजे ना, अक्का," म्हणाला. मी नको कसं म्हणू? का नको म्हणून कुणी विचारलं असतं तर?

पमाक्का माझी मोठी नणंद. नऊ वर्षांची असताना ताप आला आणि कान गेले, लग्न झालं नाही, म्हणून ह्याच घरात. तिच्याशी बोलताना आम्ही तिच्यासमोर तोंड करून बोलतो, ती ओठ वाचते. दोन वर्षं मी तिच्याशी असंच बोलतेय, आणि अण्णा, इतकी मी बावळट, माझ्या डोक्यात कधी आलं नाही की भिंतीवरचे ओठसुद्धा तिला ओठच.

मी ओरडले, "मशीन बंद करा." मुनिस्वामी म्हणाला, "स्वल्प तडीरी, जरा थांबा अक्का, मध्येच थांबवलं तर दिव्याने फिल्म जळते." आणि आई बोलत राहिली.

ह्याला कारण तू. मला आज तुझ्याबद्दल चांगलं बोलायचं नाही. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, पण तू मरून सुटलास, आणि त्या खोलीत मी बसले होते.

सगळं सुरू झालं कलकलांमुळे. नारळाच्या दुधात मैदा मळायचा, बारीक गोळी फणीच्या दातांवर दाबून गुंडाळायची, तळायची, साखरेत घोळायची. दर मार्गशीर्षात आई करायची. कुणी विचारलं तर म्हणायची, आमच्या तंजावरकडचं आहे. आईची मराठी जरा वेगळी यायची, त्यालाही तंजावर. आईचे डोळे घारे, त्यालाही तंजावर. मला बघायला आले तेव्हा मामंजी दोन वाट्या कलकल खाऊन म्हणाले, "तंजावरच्या राजाच्या मुदपाकखान्यातली चव आहे हो, विहिणबाई." आई पदर तोंडाला लावून आत गेली. आम्हाला वाटलं लाजली.

मग तू मुनिस्वामीला घरी जेवायला आणलंस. त्याने एक कलकल तोंडात टाकली आणि हसला. "हे तर आमच्या दंडूत नाताळाला घरोघरी करतात. आमच्या शेजारची म्हातारी डबा भरून देते." दंडू म्हणजे गोऱ्यांची पलटण असायची तो भाग, तिथल्या किरिस्ताव घरांबद्दल तो सांगत होता. आईच्या हातातला झारा कढईवर तसाच थांबला. तू बघितलंस. मीपण बघितलं. मी विसरायचं ठरवलं आणि तू कॅमेरा घेऊन आलास.

कुणी मडम विलायतेला जाताना दुकानात टाकून गेलेला किल्लीचा कॅमेरा. किल्ली अर्ध्या मिनिटात संपायची, मग पुन्हा पिळायची. "आपल्या घराची फिल्म काढणार," म्हणालास. "आपण कोण, कुठून आलो, सगळं. आत्ता काढलं नाही तर कोण सांगणार?" कॅमेऱ्यात आवाज येत नाही, म्हणून तू मला वही दिलीस. तू चित्र काढणार आणि माणूस काय बोलतंय ते मी लिहायचं, मग त्यातलं निवडून तू पाट्या रंगवणार आणि मध्ये मध्ये जोडणार. "सुशी, तू माझा आवाज," म्हणालास. मला किती बरं वाटलं होतं ते तुला कधी सांगितलं नाही. चौथीतून काढलेली पोर मी, शाळा तीही कानडी. मराठी अक्षरं तूच शिकवलीस, अप्पांच्या कापडावर खुणा करायच्या खडूने, फरशीवर, पुसून पुन्हा, पुसून पुन्हा. माझा ळ सरळ येईना तर तू आठ दिवस नुसता ळ काढून घेतलास. त्याच हाताने मी तुला खोटं लिहून दिलं.

मला सातवा होता, बाळंतपणाला आले होते. आई अंगणात पाट मांडून फणीवर कलकल वळत होती, तू समोर कॅमेरा लावलास. आई म्हणाली, "लांब हो रे, तुझ्या डब्याची खरखर ऐकून माझं बोलणं पळून जातं." तू विहिरीपाशी गेलास. तिथून तुला तोंड दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. आईने मला विचारलं, "त्याच्या डब्याला कान नाहीत ना?"

नाहीत म्हटलं.

"मग लिहू नको, ऐक."

वळता वळता सांगितलं तिने. वर बघत होती, मध्येच हसत होती, तू किल्ली पिळायला खाली वाकलास की तीही थांबायची, जशी तुझी मदत करतेय. मला वाटलं सगळं तुझ्या डब्यात गेलं तरी जाऊ दे, मुकं आहे.

तू मला वही मागितलीस. मी लिहिलं होतं, तंजावरला मोठं देऊळ आहे, आजोबा राजाच्या मुदपाकात होते, आजी लवकर गेली. मामंजींचाच मुदपाक उचलला, मला दुसरं काय ठाऊक. तू वाचलंस, पुन्हा वाचलंस.

"मग आई डोळे का पुसत होती?"

"पिठाचा हात लागला."

"सुशी."

"लागला म्हटलं ना."

तू वही मिटलीस. तुला कळलं होतं मी खोटं बोलतेय, आणि तू भांडला नाहीस. तेव्हाच भांडला असतास तर कदाचित मी सांगितलं असतं. तू शोधायला लागलास, आणि ते मला जास्त लागलं. रविवारी रविवारी दंडूत जाऊन तू किरिस्तावांच्या थडग्यांच्या फिल्म काढायचास, कुठल्या दगडावर आईचे डोळे दिसतील म्हणून. कब्बन पार्कातलं बँडस्टँड काढलंस. येऊन मला सांगितलंस, "काय सुंदर आहे गं, वरचं छप्पर, खाली लोक बसलेले." मी पोळ्या लाटत होते. पोळी करपली माझी. तू विचारलंस काय झालं, मी म्हटलं पोटात लाथ मारली.

आषाढात आई गेली. अप्पा आधीच गेले होते. मग उरलो आपण दोघं, आणि तू आलास फिल्मची डबी घेऊन, माझ्या सासरी, ओसरीवर बसलास. शालू चार महिन्यांची. तू हळू बोलत होतास, पण मला वाटत होतं सगळी गल्ली ऐकतेय.

"मी ती फिल्म पन्नासदा बघितली," म्हणालास. "आई कुणाचं तरी नाव घेते. तीनदा घेते. मला भांडायचं नाही, नाव सांग फक्त."

"घेऊन काय करणार?"

"पाटी लिहिणार."

"आणि पाटी लिहून?"

"दाखवणार सगळ्यांना. त्यात लपवायचं काय आहे? माणसं होती, चोर नव्हती."

"तुला सासर नाही अण्णा."

"म्हणजे तुला आईची लाज वाटते."

हे तू बोललास. मी तुला कमळाचं सांगितलं, मागच्या गल्लीतल्या. तिच्या आजीची जात वेगळी निघाली म्हणून ट्रंक देऊन माहेरी पाठवली आणि पोरगं ठेवून घेतलं. ती अजून संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी उभी असते, पोराला लांबून बघायला. तू म्हणालास, लोक बदलतील. कोण लोक? कधी? शालू दूध प्यायची थांबेल तोपर्यंत बदलतील? कमळाला निदान माहेर होतं. मी म्हटलं, "जा तू. पुन्हा हे घेऊन येऊ नकोस." तू चप्पल घातलीस. शालूच्या पायाला हात लावलास आणि गेलास, आणि आलाच नाहीस.

मग मी आले, दवाखान्यात. तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मामंजी बरोबर, जेवणाचा डबा धरून उभे. तू शालूकडे बघून म्हणालास, "हिचे डोळे घारेच राहिले. कुणाचे गं?" मला तोंडाशी आलं होतं, अण्णा. देवाशपथ आलं होतं. मामंजी म्हणाले, "तंजावरचे, दुसरं काय," आणि हसले. तूपण हसलास, माझ्याकडे बघत. मी म्हटलं, "मामासारखे आहेत." उद्या एकटी येईन आणि कानात सांगेन असं ठरवून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू नव्हतास.

तर त्या दुपारी, घोंगड्यांच्या अंधारात, तू पन्नासदा बघून जे तुला कळलं नाही ते पमाक्का एकदाच बघून वाचत होती. भिंतीवर आई हसली, डोळे पुसले. मामंजी एकदम सरसावून बसले. त्यांनी पमाक्काचा खांदा हलवला, तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. "अगं पमे, तुला तर कळत असेल. विहिणबाई काय सांगतायत? वाच, वाच." हेसुद्धा म्हणाले, "हो अक्का, वाच ना." कौतुकाने म्हणाले. बायकोची आई काय बोलतेय हे ऐकायची हौस त्यांना.

पमाक्काने माझ्याकडे बघितलं. मी शालूला इतकी घट्ट धरली होती की ती रडायचीसुद्धा थांबली. मग पमाक्का तिच्या त्या सपाट, वरखाली न होणाऱ्या आवाजात म्हणाली, "देऊळ. मोठं आहे म्हणतात. राजा जेवायला बसायचा, ते सांगतात."

मामंजींनी मांडीवर थाप मारली. "बघा. मी म्हणत नव्हतो?"

नंतर मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते, पमाक्का आली, दार लोटलं, माझ्यासमोर उभी राहिली. आवाज न करता ओठ हलवले. मला ओठ वाचता येत नाहीत, पण हे वाचता आलं. रोझी.

मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिने दंड धरून उभं केलं. चेहरा रागावलेला होता. माझ्यावर, का आईवर, का मामंजींवर, मला कळलं नाही, अजून कळत नाही. इतकंच म्हणाली, "तुझा भाऊ दोनदा आला होता ह्या घरी. मला एकदा दाखवलं असतं तर मी त्याला सांगितलं असतं."

अण्णा, हे वाक्य मी तेव्हापासून गिळतेय, खाली जात नाही. ओसरीवर तू डबी घेऊन बसला होतास, आणि आत दहा पावलांवर पमाक्का तांदूळ निवडत होती.

मामंजींना चैन पडेना. येत्या रविवारी आपल्या ज्ञातीच्या संघाच्या हॉलमध्ये सगळ्या मंडळींना फिल्म दाखवायची आणि पमाने पुढे उभं राहून आईचं बोलणं मोठ्याने वाचायचं, असं ठरवून आले. आयुष्यभर त्या लेकीचं त्यांना ओझं, आता एकाएकी तिचं कौतुक. मला म्हणाले, "सूनबाई, त्या दिवशी तुमच्या तंजावरी कलकल हव्यात हं. पाच शेर तरी करा."

पमाक्का म्हणाली, "एकदा जमलं. शंभर माणसांत तेच पुन्हा नाही जमायचं मला. अडखळले तर?" आणि दोन बोटांनी कात्री करून दाखवली.

अप्पांची कात्री माझ्याकडे आहे, पलटणीच्या बँडवाल्यांचे कोट कापायची. मामंजींनी फिल्म देवघराच्या कोनाड्यात ठेवली होती, तंजावरचा प्रसाद असल्यासारखी. हे कामावर, मामंजी बाजारात. मी खिडकीशी उजेडात फिल्म धरली, बोटाच्या नखाएवढी आई, एकाखाली एक, एकाखाली एक, शेकडो आया, सगळ्यांची तोंडं उघडी. तिने तोंड उघडलं तिथपासून मिटलं तिथपर्यंत कापलं. मामंजींना सांगितलं, मशीनच्या दातांनी तुटली. मुनिस्वामी जोडायला आला, दोन्ही टोकं बघितली, सरळ कापलेली. दातांनी कधी सरळ तुटत नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "सरी, बरं अक्का," आणि डिंकासारखं काहीतरी लावून जोडून दिली.

रविवारी मी कलकल केल्या. आईच्याच फणीवर. हॉलमध्ये फिल्म लागली. आई पाटावर बसली, पीठ घेतलं, फणीवर दाबलं, वर बघितलं, आणि एकदम बँडस्टँड आलं. तेवढंच. मधलं काहीच नाही. लोक म्हणाले, हे काय, कुठे आई कुठे बँडस्टँड. मामंजी म्हणाले, पोराला फिल्म काढायचं एवढं ज्ञान नव्हतं, बिचारा गेला. माझ्या शेजारी पमाक्काने माझा हात धरला आणि सोडलाच नाही. तुला अक्कल नव्हती म्हणाले अण्णा, आणि मी कलकलांचं ताट फिरवत होते. मंडळी खात होती, वाहवा करत होती, पाच शेर संपल्या.

आता ऐक. तुझ्याच वहीत मागच्या पानांवर लिहितेय, पुढच्या पानांवर तंजावर आहे ते तसंच ठेवलंय. आईचं नाव रोझी. तिची आई चिन्नम्मा, साहेबाच्या बंगल्यावर आया होती. तिचा बाप विल्यम, अर्धा गोरा, पलटणीच्या बँडमध्ये कर्णा वाजवायचा. रविवारी कब्बन पार्कात बँड असायचा आणि चिन्नम्मा आईला कडेवर घेऊन लांब झाडाखाली उभी राहायची. तो वाजवताना त्यांच्याकडे बघायचा नाही. एकदाच बघितलं, म्हणाली आई, हे सांगतानाच तिने डोळे पुसले. पलटण हलली, तो गेला, चिन्नम्मा तापाने गेली. शेजारणीने वाढवलं, कलकल तिनेच शिकवल्या. मोठी झाल्यावर आई शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायला बसली, त्या दुकानात अप्पा होते. अप्पांनी घरी सांगितलं, तंजावरची पोरकी पोर आहे, आपल्यातलीच. "तंजावर कुठल्या दिशेला आहे तेसुद्धा मला ठाऊक नाही गं," म्हणाली, आणि हसली. ते हसू तू काढलंस.

मी विचारलं होतं, अण्णाला सांगू का. आई म्हणाली, "नको. त्याला खोटं बोलता येत नाही. तुला येतं." हे मी तुला कसं सांगणार होते? आईने तुला चांगलं म्हटलं आणि मला कामाला लावलं. आणि मला का सांगितलं माहीत आहे? माझं मूल घाऱ्या डोळ्यांचं झालं तर मी घाबरू नये म्हणून. मी तेव्हापासून घाबरतेच आहे.

कापलेला तुकडा जाळला नाही. जाळायला चुलीपर्यंत नेला होता. शालूच्या दुपट्याची कड उसवली, आत घातला, पुन्हा शिवली. ती कूस बदलते तेव्हा कडेला बारीक कुरकुर होते. मामंजी परवा म्हणाले, दुपट्यात काय वाजतं. पमाक्काला ते ऐकू येत नाही, पण त्यांनी विचारलेलं तिने वाचलं, आणि म्हणाली, खळ आहे, नवीन कापडाची. दुपटं आईच्या जुन्या लुगड्याचं आहे.

तुझी वही कधी कुणाच्या हातात पडेल, मी असेन नसेन. तुम्ही कोण वाचताय मला ठाऊक नाही. वाचून म्हणाल, भाऊ मरत होता, एक नाव हवं होतं त्याला, एवढं सांगता आलं नाही हिला? तर तुम्ही सांगा. आई नको सांगून गेलेली, दवाखान्यात सासरे डबा घेऊन उभे, कडेवर घाऱ्या डोळ्यांची पोर, आणि माहेर म्हणून जो एक माणूस उरलाय तोच समोर खाटेवर पिवळा पडलेला. तुम्ही काय केलं असतं? आणि जे म्हणतील आम्ही सांगितलं असतं, त्यांनी हेही सांगावं, त्या दिवशी दवाखान्यातून निघून पोरीला घेऊन तुम्ही कुणाच्या दारात गेला असता?